मुंबई हायच्या पोटात: खोदता खोदता दिसणारा खडक

(दृश्य: जुहू विमानतळ, सकाळ. हेलिकॉप्टर समुद्राकडे वळतंय.)

जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरं पार्ल्या-सांताक्रूझच्या लोकांच्या अंगवळणी पडली आहेत. त्यातली बरीचशी निघालेली असतात सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राला. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगला (समुद्रात विहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेला) तिथे तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे आपण शाळेत घोकलंय. तेल कसल्या खडकात आहे, ते मात्र क्वचितच कोणी सांगतं. मुख्यतः ते आहे चुनखडीत. चुनखडीचे थर, मधे शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे) पातळ पट्टे, काही ठिकाणी वर वायू आणि खाली पाणी. विहीर मधल्या थरातून आडवी न्यायची, तीही वर-खाली भरकटू न देता. त्यासाठी खोदता खोदताच भोवतीचा खडक दिसायला हवा.

(दृश्य: रिगचा डेक. फिरणारा ड्रिलपाइप.)

मग कॅमेरा का सोडत नाहीत? कारण विहीर गढूळ, जड मडने, म्हणजे खोदताना आत सोडतात त्या चिखलासारख्या द्रवाने, काठोकाठ भरलेली असते. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला श्लुम्बर्जर बंधूंच्या कंपनीने तारेने उपकरण आत सोडून खडकाचा विद्युतरोध, म्हणजे तो वीज किती अडवतो ते, मोजला. ती पद्धत आजही चालते, पण त्यासाठी आधी अख्खा पाइप वर काढावा लागतो. शिवाय आडव्या विहिरीत तारेला टांगलेलं उपकरण आपल्या वजनाने पुढे सरकतच नाही.

म्हणून सेन्सर बिटच्या (खडक कापणाऱ्या टोकाच्या) मागेच, ड्रिल कॉलर नावाच्या जाड, जड पाइपमध्ये बसवले. पाइप फिरतो तसे तेही फिरतात आणि चहूबाजूंची भिंत मोजत जातात. कोणतं माप कोणत्या दिशेचं, ते मॅग्नेटोमीटर (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) सांगतो. पाण्यात कालवलेल्या मडमधून वीज जाते, त्यामुळे रोध मोजणं सोपं. तेलात कालवलेल्या मडमधून ती जात नाही, तिथेच घोडं अडतं. त्यावर गेल्या काही वर्षांत अल्ट्रासाउंड आलं: भिंतीवरून प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती जोराने परतला, यावरून चित्र उभं राहतं.

(दृश्य: स्क्रीन. तपकिरी-पिवळा पट्टा, त्यावर लाटा.)

हा पट्टा म्हणजे विहिरीची गोल भिंत उभी चिरून सपाट पसरलेली. तिरका थर इथे लाटेसारखा दिसतो. लाट जितकी उंच, तितका थर विहिरीला तिरका. आडव्या विहिरीत तर हे वाचन फारच कामाचं. शेल आधी विहिरीच्या छताला दिसू लागला, तर वरचा थर जवळ आला: बिट खाली वळवा. आधी तळाला दिसला, तर उलट.

गंमत पुढेच आहे. हे चित्र वर येतं कसं? मडच्या दाबाच्या ठोक्यांतून. वेग बऱ्याचदा सेकंदाला दहा बिट्सच्या (इथे माहितीच्या एककांच्या) आसपास! मोबाइलवरचा तीन एमबीचा फोटो या वेगाने पाठवायला जवळपास महिना लागेल. म्हणून खालचं यंत्रच माहिती आवळतं, निवडक तेवढीच वर धाडतं. बारकाव्यांसकट पूर्ण प्रतिमा मेमरीत राहते आणि हाती येते पाइप वर काढल्यावर. म्हणजे वळायचं की नाही, हा निर्णय धूसर चित्रावरच घ्यायचा. माझ्या मते सेन्सरपेक्षा खरी कसोटी इथे लागते. तारा गुंफलेले पाइप कितीतरी पट वेगाने माहिती पाठवतात, पण ते महागडं काम.

(दृश्य: काळ्या खडकाचा तुकडा, त्यात बारीक भेगा.)

चुनखडीच्याही खाली बेसाल्ट आणि ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. तिथे तेल साठतं मुख्यतः भेगांमध्ये, त्यामुळे भेगांना छेदून जाणारी विहीर हवी. पण मडच्या दाबानेही भिंत तडकते. उभ्या विहिरीत असे तडे पट्ट्यावर समोरासमोर दोन उभ्या रेघा म्हणून उमटतात. नैसर्गिक तिरकी भेग पूर्ण लाट काढते. या रेघाही वाया जात नाहीत. खडकावर सर्वात जास्त आडवा दाब कोणत्या दिशेने आहे, ते त्यांच्यावरून कळतं. मग पुढची विहीर कुठे वळवली तर भिंत ढासळणार नाही, याचा हिशेब मांडता येतो.