पायऱ्यांवरचं भडंग : शाहू स्टेडियमवरचा मॅचचा दिवस

[सकाळ. पत्र्याची शेड. मोठी लोखंडी कढई, खाली बर्नरचा आवाज.]

मॅच दुपारी आहे, पण कढई सकाळी सातलाच चढली आहे. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावं ऐकली तरी कळतं, की हा खेळ कुस्तीच्या तालमींतून वाढला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या सामन्यांना राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, तेव्हा माणसांच्या हातात सगळ्यात जास्त दिसते ती कागदाची पुडी. त्या पुडीतला माल, म्हणजे लसूण-तिखटाच्या फोडणीत घोळलेल्या चिरमुऱ्यांचं भडंग, या कढईतून निघतो.

[चाळणीतून पडणारे चिरमुरे. जवळून.]

हे भडंगाचे चिरमुरे, भेळेच्या चिरमुऱ्यांपेक्षा टपोरे आणि पोकळ. तांदूळ मिठाच्या पाण्यात मुरवून तापलेल्या वाळूत फुलवलेला असतो, म्हणून पहिलं काम चाळण्याचं. तळाशी उरलेली रेती नीट गेली नाही, तर पुडीतल्या पहिल्याच घासाला दाताखाली कचकच येते आणि ते गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

चाळलेले चिरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत राहायचे. रंग बदलता कामा नये. एक दाणा बोटांत दाबायचा. चपटा झाला तर अजून ओल आहे, चुरा झाला तर उतरवायचे. हे गरम करणं टाळून नुसती फोडणी घातली, की भडंग सकाळी कुरकुरीत लागतं आणि दुपारी मॅच सुरू होईपर्यंत सादळतं.

[तेलात सुटणारे शेंगदाणे.]

एक किलो चिरमुऱ्यांना पाव किलो तेल, तीनशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम लसूण, दोन मुठी कढीपत्ता. शेंगदाणे तेल कडकडीत तापायच्या आधीच सोडायचे, म्हणजे ते आतपर्यंत तळले जातात. तेल आधी तापलं तर साल काळं पडतं आणि दाणा मधे कच्चा राहतो. तडतड ऐकू आली की झाऱ्यानं काढून घ्यायचे. बाहेर आल्यावरही ते स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहतात, त्यामुळे हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच काढलेले बरे.

आता लसूण. साल काढायचं नाही, फक्त ठेचायचा. सालासकट तळलेल्या पाकळीला जो खमंगपणा येतो, तो सोललेल्या पाकळीला येत नाही. ठेचलेला लसूण फडक्यावर पसरून वाळवलेला हवा, कारण भडंगाचा घात करणारं पाणी बहुतेक वेळा याच लसणातून येतं. तेलात लसूण पडला की बुडबुडे उसळतात. ते बुडबुडे म्हणजे पाकळीतलं पाणी. बुडबुडे थांबले आणि पाकळी सोनेरी झाली, की पाणी गेलं. घाई करून त्याआधी पुढचं काही घातलं, की अख्खी परात नरम. कढीपत्त्याचंही तेच. पानं धुतली असतील तर पुसून घ्यायची, नाहीतर तेल अंगावर उडतं.

[ज्योत बंद होते. लाल तिखट तेलात पडते.]

आच इथं बंद. तिखट कधीही ज्योत चालू असताना घालायचं नाही. आधी हळद आणि मग चिमूटभर तिखट टाकून बघायचं. हळू फेसाळलं तर तेल बरोबर आहे, लगेच काळवंडलं तर अजून थांबायचं. जळालेलं तिखट कडू लागतं आणि त्यावर इलाज नाही, कितीही साखर घाला. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी असं मिसळून साधारण पन्नास ग्रॅम. मीठ पस्तीस ग्रॅम आणि तेही बारीक दळलेलं, कारण जाड मीठ चिरमुऱ्याला धरत नाही, तळाशी जाऊन बसतं. वरच्या पुड्या अळणी आणि शेवटच्या पुड्या खारट होतात त्या यामुळे. काहीजण तिखटाच्या जागी कांदा-लसूण मसाला घालतात. त्यात मीठ आधीच असतं, तेव्हा वरून घालायचं मीठ निम्म्यावर आणावं लागतं.

[दोन माणसं परातीत भडंग खालून वर घोळताना. निवेदन थोडा वेळ थांबते.]

चिरमुरे आणि फोडणी दोन्ही गरम असतानाच एकत्र यायला हवेत. गार चिरमुऱ्यांवर तेल डाग पडल्यासारखं बसतं, पसरत नाही. घोळताना हात खालून वर. वरून दाबत हलवलं तर चुरा होतो आणि चुरा विकला जात नाही. पिठीसाखर पन्नास ग्रॅम, अगदी शेवटी, परात कोमट झाल्यावर. गरम असताना घातली तर वितळून गोळे होतात.

त्यानंतर अर्धा-पाऊण तास नुसतं पसरून ठेवायचं. दिसायला हे काहीच काम नाही, पण गरम भडंग डब्यात भरलं की वाफ झाकणाला धरते आणि पाणी होऊन परत आत पडते. एक किलो चिरमुऱ्यांचं हे सगळं मिळून पावणेदोन किलोच्या आसपास भडंग होतं. चाळीस ग्रॅमची पुडी धरली तर चाळीसच्या वर पुड्या. मोठ्या मॅचला असे कितीतरी घाणे काढावे लागतात.

[कागदाचे चौकोन. बोटं कोन वळतात.]

पुडीसाठी दहा इंची चौकोन. एक कोपरा टोक म्हणून धरायचा, दुसरा त्याच्यावरून आवळून आणायचा, टोक खाली दुमडायचं. टोक दुमडलं नाही तर मसाला तिथून गळतो आणि पुडीतला सगळ्यात चवदार भाग गिऱ्हाइकाच्या पँटवर जातो.

हा कागद कोरा आहे, तो मुद्दाम कोरा आहे. वर्तमानपत्रात खाण्याचा पदार्थ बांधायला २०१८च्या अन्न वेष्टण नियमांनी मनाई केली आहे. तेलकट पदार्थ शाई ओढून घेतो, आणि भडंग तर तेलातच घोळलेलं. कोरा कागद महाग पडतो, तो खर्च फिरत्या विक्रेत्याच्या खिशातून जातो. खाणाऱ्याच्या पोटात शाई गेली की काय होतं, हे इथं वेगळं सांगायला नको.

[स्टेडियमचं फाटक. गर्दी. हलगीचा आवाज वाढतो.]

कोल्हापूरचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळा पेटेपर्यंत चालतो. बहुतेक दिवशी दोन मॅच, पहिली भर दुपारची, दुसरी उन्हं कलताना. म्हणजे प्रेक्षक पायऱ्यांवर चार-पाच तास बसून असतो. दुसऱ्या मॅचची जागा जाऊ नये म्हणून तो उठत नाही. न उठणाऱ्या माणसाला खायला-प्यायला घालायचं, तर खाणंच त्याच्यापर्यंत चालत यायला हवं. स्टेडियमबाहेर खाण्याच्या गाड्यांची रांग कितीही लांब असली, तरी सातव्या पायरीवर मधोमध बसलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

[गळ्यात डबा अडकवलेला विक्रेता, पायऱ्यांच्या कडेनं चढताना.]

हा डबा बघा. पत्र्याचा, पट्टा रुंद सुती कापडाचा. बारीक पट्टा खांद्यात रुततो, नायलॉनचा घामानं घसरतो. डबा पोटासमोर तिरका, म्हणजे दोन्ही हात मोकळे. उजव्या बाजूला भडंगाच्या पुड्या, डाव्या बाजूला खारे शेंगदाणे आणि फुटाणे. चढताना तो कडेनं चढतो आणि विकत विकत रांगेतून आडवा जातो. मधल्या गिऱ्हाइकाचे पैसे चार हातांतून येतात, पुडी त्याच चार हातांतून जाते.

विक्रीची वेळ खेळ ठरवतो. पहिली पंचेचाळीस मिनिटं सुका माल जातो, कारण पुडी हातात धरून नजर मैदानावर ठेवता येते. भेळेचं तसं नाही. चिंचेचं पाणी पडल्यापासून पाचेक मिनिटांत चिरमुरे मऊ पडतात, म्हणून भेळ खाताना खाली बघावंच लागतं. ती वेळ फक्त हाफ टाइमची.

[पातेल्यात भेळ. चमच्याचा आवाज.]

मध्यंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं. एका भेळेला पाऊण मिनिट धरलं, तरी एका माणसाच्या हातून वीसच भेळी होतात. म्हणून तयारी आधीची. कैरी आणि कोथिंबीर चिरून झाकून ठेवायची, चिंचेचं पाणी गाळून बाटलीत भरायचं, नाहीतर बुचात चिंचोका अडकतो आणि पाच गिऱ्हाइकं निघून जातात. कांदा मात्र पहिला हाफ संपायला दहा मिनिटं असताना चिरायचा. आधी चिरला तर पाणी सुटतं, मीठ लावून ठेवला तर आणखीच. क्रम ठरलेला आहे : चिरमुरे, फरसाण, कांदा, कैरी, तिखट, सगळ्यात शेवटी पाणी. कुस्तीचं खासबाग मैदान इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथल्या भेळेला कोल्हापूरकर मान देतात, त्यामुळे इथं कुणी ढिली भेळ दिली तर ती लगेच ओळखली जाते.

दुसऱ्या हाफची शेवटची पंधरा मिनिटं कुणी काही घेत नाही. बरोबरी असेल तर अजिबात नाही. विक्रेताही तेव्हा डबा पायरीवर टेकवून उभा असतो.

[विक्रेता, मागं मैदान. गोल. निवेदन नाही, फक्त आवाज.]

[किटली. वाफ.]

थंडीतल्या मॅचला चहा. पाच लिटरची किटली, साठ मिलिलिटरचा कप, म्हणजे एका फेरीत ऐंशी कप. गुळाचा चहा करणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं असतं. गूळ पाण्यात पत्तीबरोबर उकळून घ्यायचा, दूध वेगळं तापवायचं आणि ज्योत बंद केल्यावरच मिसळायचं. गूळ घातलेलं दूध उकळत ठेवलं की फाटण्याचा धोका असतो, आणि आंबूस जुनाट गूळ असेल तर फाटतंच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, चांगल्या गुळाची इथं वानवा नाही.

[ऊन. सरबताची हंडी. बर्फाची लादी.]

एप्रिल लागला की किटलीची जागा हंडी घेते. सरबतात बघायचं ते लिंबाआधी बर्फ. महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं २०१८ साली सक्तीचं झालं. मासे आणि इतर माल थंड ठेवण्याचा बर्फ तो. लादीला निळसर झाक दिसली तर पेला परत द्यायचा. पांढरा, पारदर्शक बर्फही गोणपाटात, जमिनीवर ओढत आणलेला असेल तर धुऊनच फोडायला हवा. उत्तम विक्रेता बर्फ सरबतात टाकतच नाही, हंडीच्या बाहेरून लावतो. त्यानं सरबत पातळही होत नाही.

[मैदानाची कड. पाण्याच्या बाटल्या, खेळाडू.]

कडेला खेळाडूंचं पाणी. घरी करता येणारं साखर-मिठाचं पाणी असं : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर तहान वाढते आणि मळमळतं, म्हणून चमचा सपाटच. उन्हाच्या मॅचला पंच पाण्यासाठी थोडा वेळ खेळ थांबवू शकतात. नियमांत पाणी पिण्याची विश्रांती एक मिनिटापर्यंत आणि अंग थंड करण्याची दीड ते तीन मिनिटांची. तेवढ्यात घटाघट पिऊन लगेच पळालं की पोटात कळ येते. दोन-तीन घोट पिऊन उरलेलं डोक्यावर घ्यावं.

[पायऱ्यांवरून पाहिलेलं मैदान. कडेला पडलेली एक बाटली.]

प्रेक्षकाला पाणी लागतंच. ते पायऱ्यांवर पेल्यातून मिळालं तर बाटलीची गरज उरत नाही. टाकी, नळ, चार पोरं आणि स्टीलचे पेले एवढ्यावर हे भागतं. कागदाची पुडी कुणी रागानं भिरकावली तरी ती दोन पायऱ्या खाली पडते. भरलेली बाटली मैदानात पोचते आणि पंच मॅच थांबवतात.

[संध्याकाळ. पायऱ्या रिकाम्या. केरसुणी.]

चुरगळलेल्या पुड्या, शेंगांची टरफलं, फुटाण्यांची सालं. कागद आणि टरफलं वेगळी करायला फार वेळ लागत नाही, कारण विकणाराच एक पिशवी घेऊन फिरतो. ही पिशवी त्याच्या डब्याच्या मागं दिवसभर बांधलेली होती.

उरलेलं भडंग आज परत गरम करून विकायचं नसतं. डब्यात न दाबता भरायचं, झाकणाखाली कोरडा कागद घालून झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दोन मिनिटं हलवलं की बहुतेक पूर्ववत होतं. 

[शेड. दिवा. खलबत्त्याचा आवाज.]

उद्याही दोन मॅच आहेत. लसूण आत्ताच ठेचला जातोय, रात्रभर फडक्यावर वाळायला.