बाळाची सीट: पट्टा कुठून जातो, ढील कुठं उरते

[सोसायटीचं पार्किंग. छोट्या हॅचबॅकचं मागचं दार उघडं. सीट खोक्यातून बाहेर येते.]

ही सीट गाडीत उलटी बसते. बाळाची पाठ गाडीच्या तोंडाकडे, चेहरा मागच्या काचेकडे. खोक्यावर तसं चित्र असतं, तरी अनेक घरांत ती आधी सरळ ठेवून बघितली जाते, कारण बाळ आपल्याकडं बघत राहावं असं वाटतं.

उलटी का, ते सीटच्या या टणक कवचाकडं बघून कळतं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा असतं. मानेचे मणकेही पुरते हाड झालेले नसतात, बराच भाग मऊ कूर्चेचा असतो. गाडी समोरून आदळली की सरळ बसवलेल्या बाळाचं अंग पट्ट्यात अडकतं आणि जड डोकं एकटं पुढं ओढलं जातं. सगळा ताण मानेवर. उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदमच कवचात दाबली जातात आणि तोच धक्का पाठभर पसरतो.

[सीट पालथी करून लेबल दाखवलं जातं.]

विकत घेण्याआधी हे लेबल वाचा. वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि त्याच्या शेजारचा आकडा म्हणजे सीट चाचणीत उतरली आहे. आर44 आणि आर129 ही बालसीटची दोन आंतरराष्ट्रीय मानकं. लेबलवर आर44 असेल, तर सीट बाळाच्या वजनावरून निवडायची: 13 किलोपर्यंत उलटी, 9 ते 18 किलोसाठी पुढची पायरी. आर129 असेल, तर उंचीवरून निवडायची आणि 15 महिने पुरे होईपर्यंत सीट सरळ करायची नाही. भारतातलं मानक एआयएस 072. ते पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेकडून प्रसिद्ध होतं. लेबल नसलेली, नुसत्या कापडाची आणि पट्ट्यांची ‘बेबी सीट’ ऑनलाइन स्वस्तात मिळते. तिला कवचच नसतं, त्यामुळं धक्का पसरवणार तरी काय?

[कॅमेरा मागच्या सीटवर. जाड सीट कव्हर. हात बकल शोधतोय.]

आता बसवायला घेऊ, आणि पहिली अडचण इथंच. सीट कव्हर चढवताना मागची बकलं कव्हरखाली गेली आहेत. नव्या गाडीला कव्हर घालून देताना हे सर्रास होतं, आणि मागं कुणी पट्टा लावतच नसल्यानं कुणाच्या ध्यानातही येत नाही. कव्हर काढा, किंवा बकलं वर येतील एवढी फट करून घ्या. पाठ आणि बैठक जिथं मिळतात तिथल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायच्या खाचाही याच कव्हरखाली झाकल्या जातात. पुढच्या सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल, तर साधं कव्हर तिचीही वाट अडवतं. कुशीवर एअरबॅगची खूण शिवलेली आहे का, ते बघून घ्या.

जागा मागचीच निवडायची. सनवायझरवरचं हे लेबल बघा: उलट्या सीटमधलं बाळ आणि त्यावर लाल काट. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते आणि उलट्या सीटचं कवच थेट तिच्या तोंडावर असतं, म्हणजे तडाखा बाळाच्या डोक्यामागंच बसतो. डाव्या बाजूची एअरबॅग बंद करण्याची सोय गाडीत नसेल, तर पुढच्या सीटवर उलटी सीट अजिबात ठेवायची नाही.

[पट्टा कवचाच्या खाचांतून ओवला जातो. जवळून.]

गाडी सपाट जागी उभी आहे, हे आधी पाहा. उतारावर लावलेल्या गाडीत सीटचा कोन चुकतो. तान्ह्यासाठी सीट साधारण 45 अंश मागं झुकलेली हवी. जास्त उभी झाली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कवचाच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुड्याची नळी असते. रेघ जमिनीला समांतर आली की कोन जमला.

आता पट्टा. युरोपीय पद्धतीच्या सीटवर उलट्या बसवणुकीच्या खाचा निळ्या असतात आणि सरळ बसवणुकीच्या लाल. उलटी सीट लाल वाटेनं बांधली, तर पट्टा लागतो, बकलही वाजतं, आणि सीट मात्र धरली जात नाही. कमरेचा भाग निळ्या खाचांतून, खांद्याचा भाग मागून वळसा घेऊन. पट्ट्याला पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेल्या जागी सगळा भार एका कडेवर येतो.

काही छोट्या गाड्यांत इथं पट्टाच अपुरा पडतो. वळसा पुरा होण्याआधी तो संपतो. ओढून-ताणून बकल लावण्यापेक्षा दुसऱ्या बाजूची जागा बघा, किंवा आयसोफिक्सची सीट घ्या. म्हणूनच दुकानात सीट घेताना ती आपल्याच गाडीत बसवून बघायची. बकलचा देठ लांब असेल तर तेही आडवं येतं. बकल कवचाच्या कडेवर टेकतं, ओढल्यावर तिरकं होतं, आणि धक्क्यात तिथून निसटू किंवा तुटू शकतं. मधल्या जागेला जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो. तीन बिंदूंच्या, म्हणजे कमर आणि खांदा दोन्हींच्या पट्ट्यासाठी बनलेली सीट तिथं बसवायची नाही.

[गुडघा सीटमध्ये. पट्टा खेचला जातो, दोनदा.]

ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची कृती. एक गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचं वजन टाकायचं, गादी दबली की आधी कमरेचा पट्टा ओढायचा, मग खांद्याचा. उरलेली ढील पट्टा आत ओढणारी गुंडाळी आपोआप घेते. पट्टा हळू ओढला तर सुटत येतो, त्यानं घाबरू नका. गुंडाळी फक्त हिसक्याला अडते. पण त्याच कारणानं सीट सैल राहू शकते, म्हणून कवचावर पट्टा पकडणारी चाप असते. सीट ओढून घट्ट झाली की मगच ती बंद करायची.

आता तपासा. पट्टा जिथून ओवलाय त्याच जागी सीट धरून डावी-उजवीकडे, पुढं-मागं हलवायची. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. वरच्या टोकाला धरून हलवण्यात अर्थ नाही, उलटी सीट तिथं थोडी हलणारच. ही अडीच सेंटीमीटर म्हणजे नुसता आकडा नाही. गाडी थांबायला लागते तेव्हा तिच्याबरोबरच बाळाचाही वेग कमी व्हायला हवा. पट्ट्यात जेवढी ढील, तेवढं अंतर बाळ मूळ वेगानंच पुढं जात राहतं, आणि मग उरलेल्या थोड्या जागेत त्याला झटक्यानं थांबावं लागतं.

[दुसरी गाडी. आयसोफिक्सचे दोन हात, टिक्, हिरवी खूण.]

आयसोफिक्समध्ये गाडीचा पट्टा लागत नाही. गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या 6 मिलिमीटर जाडीच्या दोन कांड्या, मध्यापासून मध्यापर्यंत 28 सेंटीमीटर अंतरावर. सीटचे दोन हात त्यांवर सरकवले की दोन्हीकडे वेगवेगळी ‘टिक्’ ऐकू यायला हवी, दोन्हीकडे हिरवं दिसायला हवं. एकीकडे हिरवं आणि एकीकडे लाल म्हणजे सीट बसलेलीच नाही.

आणि इथंच काम अर्धवट सुटतं. दोन बिंदूंवर सीट पुढं कलंडू शकते, म्हणून तिसरा आधार लागतो: एक तर वरचा टेदर, म्हणजे सीटच्या वरच्या टोकाचा हूकवाला पट्टा, नाहीतर जमिनीवर टेकणारा पाय. टेदरचा हूक बऱ्याचदा चुकून सामान बांधायच्या कडीत अडकवला जातो. ती कडी त्यासाठी बनलेली नसते. गाडीच्या पुस्तिकेत टेदरची नेमकी जागा दिलेली असते, गाडीगणिक ती सीटच्या पाठीमागं, डिकीच्या तळाला किंवा छताजवळ. आधाराचा पाय घट्ट टेकायला हवा, आणि त्याच्याखालच्या फरशीत झाकणाचा कप्पा असेल तर तो पाय तिथं चालतो का, हे पुस्तिकेत बघूनच ठरवा. आय-साइझ, म्हणजे आर129 प्रमाणं बनलेल्या आयसोफिक्स सीटसाठी सीट आणि मूल मिळून 33 किलो ही मर्यादा आहे.

[बाहुली सीटमध्ये ठेवली जाते. अंगावर दुपटं. मग दुपटं काढून.]

सीट घट्ट, पण बाळ सैल, ही पुढची चूक. बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवलं, तर पट्टा दुपट्यावर घट्ट होतो. धक्क्यात कापड दबतं आणि पट्टा व बाळ यांच्यामध्ये पोकळी उरते. जाड स्वेटरचंही तेच. आधी पातळ कपड्यात पट्टे लावायचे, मग वरून दुपटं पांघरायचं. पाठीमागं उशी, मानेखाली वेगळं घेतलेलं गोल उशीसारखं काही, हे घालायचं नाही. सीटबरोबर आलेली गादी तेवढी चालते.

खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून निघावेत, सरळ सीटमध्ये पातळीत किंवा किंचित वरून. पट्टे ओढून झाले की हासळीच्या हाडाजवळ पट्ट्याला चिमटा घ्या. चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर अजून ओढायला हवा. बोटं घसरली, तर झालं. हे दर प्रवासाला करायचं.

उन्हाळ्यात विदर्भात, मराठवाड्यात दुपारी उभ्या गाडीत बकलची धातूची जीभ एवढी तापते की बाळाला चटका बसतो. गाडी लावताना सीटवर पांढरं कापड टाकून ठेवा, आणि बसवण्याआधी जिभेला स्वतःचा हात लावून बघा. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढून आडवं करायचं.

पाय मागच्या सीटला टेकू लागले, गुडघे दुमडावे लागले, एवढ्यावरून सीट सरळ करू नका. मुलं पाय दुमडून आरामात बसतात. सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटीच ठेवा.

[पुढची सीट. आजी, मांडीवर मूल.]

मांडीवर मूल का चालत नाही, त्याचं गणित सांगतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून, पुढचा भाग चेपत साधारण 60 सेंटीमीटरमध्ये थांबली, तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकतं. तेवढ्यात 10 किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी 160 किलोचा जोर लागतो. तांदळाची 50 किलोची तीन पोती हातात झेलण्याहून जास्त. हात सुटतात. मोठ्या माणसाच्याच पट्ट्यात मूलही घेतलं, तर मागून मोठ्याचं सगळं वजन मुलावर येतं.

[सहा-सात वर्षांची मुलगी. बूस्टरशिवाय, मग बूस्टरवर.]

1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला, आणि कंपनीनं तो इतरांनाही वापरू दिला. तो मोठ्या माणसाच्या हाडांसाठी बनला आहे. या मुलीच्या अंगावर खांद्याचा पट्टा गळ्याला घासतोय आणि कमरेचा पोटावर आलाय. गळ्याला टोचतं म्हणून ती तो काखेखाली घेते. मग धक्का बरगड्यांवर बसतो, आणि पोटावरच्या पट्ट्यानं आतड्यांना, पाठीच्या मणक्याला इजा होते.

बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, तिला वर उचलतो. आता बघा: खांद्याचा पट्टा हासळीच्या मध्यावर, कमरेचा खुब्याच्या हाडांवरून, मांडीच्या वरच्या टोकाला. साधारण 145 सेंटीमीटर उंचीपर्यंत बूस्टर लागतो. सोडायचा केव्हा, याची खूण सोपी: पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, आणि पूर्ण प्रवासभर ती तशीच बसू शकते का.

गरोदर बाईनंही कमरेचा पट्टा पोटाखालून, हाडांवरूनच घ्यायचा, आणि सीट मागं झोपवायची नाही. झोपवल्यावर पट्टा पोटावर सरकतो.

मागच्या मोठ्यांसाठीही पट्टा आहेच. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागचे दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. मागं पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर 1000 रुपये दंड, हा कायदा 1 सप्टेंबर 2019 पासून लागू आहे.

[पट्टे ओल्या फडक्यानं पुसले जातात. शेवटी कात्री.]

पट्टे साध्या साबणाच्या पाण्यानं, फडक्यानं पुसायचे. मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच लावू नका, धागा कमकुवत होतो. जुनी सीट कुणाकडून घेताना लेबलवरची मुदत बघा, आणि ती अपघातातली नाही याची खात्री देणारा माणूस ओळखीचा हवा. जोराच्या अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली, तरी कवचाला आत तडा असू शकतो. ती पुन्हा वापरायची नाही. भंगारात देण्याआधी पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून आपल्या गाडीत बसवणार नाही.