वडिलांनी कळवलं, ‘नोगुची’ नाव लावून जपानला येऊ नकोस

नमस्कार मंडळी. आई किंवा वडील जपानी, पण स्वतः वाढले दुसऱ्याच देशात, अशी सोळा-सतरा वर्षांची मुलं एकटी जपानला निघतात, आजी-आजोबांचं घर शोधतात. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मला ते फार आवडतात. ते बघताना शंभर वर्षांपूर्वीचा एक मुलगा हटकून आठवतो. इसामू नोगुची. पुढे विसाव्या शतकातला मोठा शिल्पकार झाला. पण आज बोलायचंय ते त्याच्या जपानबद्दल. ते त्याच्या हातून सुटलं कसं, आणि परत मिळालं कुणामुळे.

जन्म १९०४चा, लॉस एंजेलिसमधला. आई लिओनी गिल्मोर, अमेरिकन लेखिका. वडील योने नोगुची, जपानी कवी. हो, तेच, ज्यांचा १९३८ मध्ये चीनवरच्या जपानी आक्रमणावरून रवींद्रनाथांशी जाहीर पत्रव्यवहारात खटका उडाला. मुलगा जन्मायच्या आधीच वडील जपानला परतले होते. १९०७ मध्ये आई लेकराला घेऊन तिकडे गेली, पण वडिलांनी दुसरा संसार थाटला. मायलेकरं पुढे चिगासाकी या समुद्रकाठच्या गावी वेगळी राहिली.

इथे जरा थांबू या, कारण पुढचं सगळं इथे रुजलंय. आईनं त्या गावात छोटंसं घर बांधायला काढलं आणि कामावर लक्ष ठेवायला या एवढ्याशा पोराला सांगितलं. मग एका सुताराच्या हाताखाली शिकायला धाडलं. रंधा कसा मारायचा, लाकडात लाकूड कसं बसवायचं, हे तो तिथे शिकला.

आणि १९१८ मध्ये, तेराव्या वर्षी, आईनं त्याला एकट्याला बोटीत बसवून अमेरिकेला पाठवलं. इंडियानातल्या एका शाळेत. आई मागे जपानातच. महायुद्ध चालू होतं, थोड्याच दिवसांत शाळेची जागा लष्कराच्या कामी गेली आणि परक्या मुलखात या मुलाला धड ठिकाणा उरला नाही. पुढे शाळेच्या संस्थापकानं त्याची सोय लावली. १९२२ मध्ये तो हायस्कूल पास झाला तेव्हा त्याचं नाव होतं सॅम गिल्मोर. ज्या वयात आजची मुलं जपान शोधायला निघतात, त्या वयाची सगळी वर्षं त्यानं जपानशिवाय काढली.

शिल्पकलेकडे वळल्यावर त्यानं वडिलांचं आडनाव घेतलं. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, ब्रांकूशी या नामवंत शिल्पकाराच्या हाताखाली राबला. तिथून जपानला जायचं ठरवलं, तर वडिलांनी कळवलं, नोगुची हे नाव लावून येऊ नकोस. पोटच्या पोराला! तो बीजिंगमध्ये थांबला, ची बाइशी या थोर चित्रकाराकडे शाई-कुंचल्याचं काम शिकला. आणि १९३१ मध्ये जपानला गेलाच.

वडिलांशी सूर जुळला नाही. काकांनी मात्र जवळ केलं. मग तो क्योटोला उनो जिनमात्सू या कुंभाराकडे महिनोन्‌महिने मातीत हात घालून बसला. तिथेच त्यानं हानिवा पाहिल्या, जपानमधल्या प्राचीन थडग्यांवरच्या मातीच्या मूर्ती. बागा पाहिल्या, दगड पाहिले. मला ठामपणे वाटतं, त्याला जपान दिलं ते कारागिरांनी. आधी चिगासाकीच्या सुतारानं, मग क्योटोच्या कुंभारानं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा गिफूमध्ये आहे. १९५१ मध्ये तो तिथे गेला, कागदी कंदिलांचं गाव ते. (पडद्यावर : कंदिलाचा साचा) नीट बघा. लाकडी फळ्या उभ्या करून साचा बांधतात. त्याच्या खाचांतून बांबूची बारीक पट्टी गोल गोल गुंडाळत नेतात. वर तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. सगळं वाळलं की साचा आतल्या आत सुटा करायचा आणि एकेक फळी तोंडातून बाहेर काढून घ्यायची. मागे उरतो फक्त कागद आणि बांबू. नोगुचीनं ही रीत जशीच्या तशी ठेवली, आकार नवे दिले आणि आत विजेचा दिवा लावला. हेच त्याचे ‘आकारी’ दिवे. ते गिफूत आजही असेच हातानं बनतात.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. हिरोशिमाच्या शांती उद्यानाजवळच्या दोन पुलांचे कठडे त्याचे आहेत. पण अणुबाँबमधल्या मृतांच्या स्मारकाचं त्याचं डिझाइन नाकारलं गेलं, कारण तो अमेरिकन. आणि त्याआधी १९४२ मध्ये अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा न्यूयॉर्कला राहणाऱ्या नोगुचीवर सक्ती नव्हती. तरीही तो आपण होऊन ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत गेला. हे वाचलं की मला आजही भरून येतं.

तुमच्या घरात असं दोन देशांचं मूल असेल आणि ते जपानला निघालं असेल, तर टोकियो-क्योटोच्या यादीत शिकोकू बेटावरचं मुरे घाला. आता ते ताकामात्सू शहरातच मोडतं. दगडफोड्यांचं गाव. नोगुचीनं उतारवयात तिथे कार्यशाळा थाटली आणि तिचंच आता संग्रहालय झालंय. आयत्या वेळी जाऊन चालत नाही, आधी नोंदणी करावी लागते. वय अठराच्या आत असेल, तर जपानमधली बरीच हॉटेलं पालकांचं संमतिपत्र मागतात. तेही निघण्याआधी सही करून बरोबर द्या.