रसाच्या मडक्यापाशी

हिवाळ्यातली रात्र. बांगलादेशातलं एक गाव गाढ झोपलंय. शिंदीच्या झाडाजवळ अंधारातही दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा लावून ठेवलाय.

झाडाच्या शेंड्याजवळची साल तासलेली आहे. त्या खाचेतून पाझरणारा रस थेंबथेंब मडक्यात पडतोय. आता नीट बघा. पंख मिटत एक मोठं वटवाघूळ खोडाला बिलगतं आणि तासलेल्या जागेवरून रस चाटू लागतं. चाटताना त्याची लाळ रसात उतरते. कधी कधी मूत्रही. पहाटे मडकं खाली येतं आणि ऊन चढायच्या आत तो गारेगार, गोड, न उकळलेला रस घरोघरी पोहोचलेला असतो.

निपाह विषाणू माणसापर्यंत येण्याची ही एक वाट.

सुरुवात तापानं होते. मग मेंदूला सूज येते, माणूस भ्रमतो, शुद्ध हरपते. शंभर रुग्णांमागे 40 ते 75 जण दगावतात. खात्रीचं औषध नाही, मान्यता मिळालेली लसही नाही. आणि एकदा माणसात शिरला की हा विषाणू जवळच्या माणसांनाही सोडत नाही. केरळात 2018 साली तो पसरला तो रुग्णाजवळ असलेल्यांमध्ये, रुग्णालयातसुद्धा. सेवा करणाऱ्यालाच गाठणारा हा आजार आहे, म्हणून तो जास्त जिव्हारी लागतो.

निपाह हे नाव मलेशियातल्या एका गावावरून पडलं. तिथे 1998 मध्ये डुकरं खोकू लागली, पाठोपाठ त्यांना सांभाळणारी माणसं आजारी पडली. आधी वाटलं, जपानी मेंदूज्वर आहे. डासांसाठी धुरळणी झाली, लसी टोचल्या गेल्या. माणसं मरतच राहिली. मार्च 1999 मध्ये कळलं की विषाणू नवाच आहे. डुकरांच्या गोठ्यांना लागूनच फळबागा होत्या. रात्री वटवाघळं फळं खायची, उष्टी फळं खाली गोठ्यात पडायची, ती डुकरं खायची. शंभरावर माणसं गेली आणि साथ थांबवायला सुमारे 10 लाख डुकरं मारावी लागली.

मग ज्याच्या अंगात हा विषाणू राहतो, ते वटवाघूळ का मरत नाही?

उत्तराचा एक धागा त्याच्या उडण्यात असावा असं संशोधकांना वाटतं. सस्तन प्राण्यांत खरंखुरं उडणारं तेवढं एकच. उडताना शरीराची भट्टी पेटते, पेशींची झीज होते. अशा प्रत्येक झिजेवर प्रतिकारशक्ती खवळून उठली, तर ते जगणारच नाही. म्हणून त्याचं शरीर विषाणूला दाबून ठेवतं, पण फार दाह होऊ देत नाही. आपल्याकडे उलट घडतं. अनेकदा विषाणूइतकीच आपल्याच शरीराची उसळलेली प्रतिक्रिया आपला घात करते.

मारबर्ग (इबोलासारखाच जीवघेणा ताप), सार्स, रेबीज या रोगांशीही वटवाघळांचं नातं आहे. इबोलाबाबत संशय दाट आहे, शिक्कामोर्तब झालेलं नाही. पण वटवाघळांच्या जाती 1,400 हून जास्त आहेत, आणि जगात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो. तेव्हा घाबरताना माप ठेवायला हवं.

भीतीपोटी पहिला विचार येतो, मारून टाका. युगांडातल्या किटाका खाणीत तेच झालं. 2007 मध्ये खाणकामगारांना मारबर्ग झाला, नंतर तिथली वटवाघळं संपवली गेली. काही वर्षांनी खाणीत पुन्हा वटवाघळं आली. तपासली, तर विषाणू असलेल्यांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. 2012 मध्ये त्याच भागात साथ पुन्हा आली.

ऑस्ट्रेलियातला हेंड्रा विषाणू वटवाघळांकडून घोड्यांत आणि घोड्यांकडून माणसांत येतो. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदी सांगतात की हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली, खायला मिळेना, तेव्हा वटवाघळं शेतवस्त्यांकडे सरकली आणि घोड्यांना लागण वाढली. जिथे उरलेली झाडं भरभरून फुलली, तिथे ती जंगलात परतली आणि लागण थांबली. मला या सगळ्या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती ही नोंद. उपाशी वटवाघूळच आपल्या दाराशी येतं.

जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि जखम कितीही बारीक असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून रेबीजची लस घ्या. दात लागलेली फळं खाऊ नका.

आता पुन्हा त्या शिंदीकडे.

दिवस मावळतोय. रस काढणारा गाछी कमरेला दोर बांधून झाडावर चढलाय. साल तासून झाली, मडकं टांगलं. यावेळी त्याच्याजवळ आणखी एक वस्तू आहे, बांबूच्या कामट्यांची विणलेली तट्टी. तासलेल्या जागेपासून मडक्याच्या तोंडापर्यंत सगळं झाकलं जाईल अशी तो ती गुंडाळतो, सुतळीनं आवळतो, हात फिरवून कुठे फट राहिली का बघतो आणि खाली उतरतो.

रात्री कॅमेरा सुरू होतो. वटवाघूळ येतं, तट्टीभोवती एक घिरटी घेतं आणि अंधारात निघून जातं. आत रस पडत राहतो.