ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझी भाची तुळशीबागेतून दोन फेसवॉश घेऊन आली. एकावर कडुनिंबाची पानं, दुसऱ्यावर संत्र्याची रसरशीत फोड. "मावशी, यातला चांगला कुठला?" मी चष्मा लावला आणि दोन्ही ट्यूब उलट्या केल्या. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर चित्रांवर विश्वास बसत नाही.

मागं बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. जे जास्त, ते आधी लिहायचं, असा आपल्याकडे नियमच आहे. पहिलं नाव बहुधा 'ॲक्वा'. म्हणजे पाणी, बाकी काही नाही! त्याच्या मागोमाग खरा कामकरी येतो: सोडियम लॉरेथ सल्फेट, नाहीतर कोकामिडोप्रोपिल बीटेन. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. मग चेहऱ्यावरचा तेलकटपणा पाण्याबरोबर मोरीत जातो. लॉरेथचा भाऊ लॉरिल सल्फेट, तो जरा तापट. त्वचा कोरडी करतो. खोबरेल तेलापासून बनवलेलं बीटेन मवाळ, म्हणून ते जोडीला घालतात. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. ते यादीत वर दिसलं की मला बरं वाटतं.

मग कडुनिंब कुठं? 'अझाडिराक्टा इंडिका' असं लॅटिन नाव घेऊन तो फिनॉक्सिइथेनॉलच्याही खाली बसला होता. फिनॉक्सिइथेनॉल माल नासू नये म्हणून घालतात, आणि ते १ टक्क्याच्या वर घालता येत नाही. तेव्हा त्याच्या मागं रांगेत उभा असलेला कुणीही फार तर १ टक्का! संत्रं तर यादीत सापडलंच नाही. होता तो नुसता सुवास. (प्रिझर्वेटिव्हच नको म्हणणाऱ्यांनी पाणी घातलेली चटणी चार दिवस बाहेर ठेवून बघावी.)

आणि असलं, तरी अर्ध्या मिनिटात आपण ते धुऊनच टाकतो ना? महागडं व्हिटॅमिन लावायचंच असेल, तर चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममधून लावावं. सॅलिसिलिक ॲसिडचं थोडं वेगळं. ते तेलात मिसळतं, रंध्रांत शिरतं, मुरुमांवर धुता धुताही थोडंफार काम करतं.

भाचीची खरी तक्रार होती, साबणानं चेहरा ओढल्यासारखा होतो. ती राहते वाघोलीला, सोसायटीत बोअरचं पाणी. पाठ्यपुस्तकात आपण त्याला दुष्फेन म्हणायचो, आठवतं? त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला गाठतं आणि पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला दिसतो, तोच गालावरही बसतो. त्यात साबणाचा सामू, म्हणजे आम्ल की अल्क हे सांगणारा pH चा आकडा, ९-१०; त्वचेचा साधारण ५. ओढणार नाही तर काय! फेसवॉशमधल्या या सल्फेट-बीटेन मंडळींचा असा साका होत नाही.

शेवटी तिनं कडुनिंबवाला ठेवला. कडुनिंबासाठी नव्हे, ग्लिसरीन तिसऱ्या नंबरवर होतं म्हणून. संत्र्याची ट्यूब तिच्या बाबांनी पळवली. त्यांना वास आवडला.