एक वर्ग, दोन षड्ज

श्रोतेहो, नमस्कार.

गाण्याच्या क्लासात मुलगे-मुली एकत्र बसतात, गुरुजी पेटीवर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, धरतात आणि सगळ्यांना त्याच पट्टीत 'सा' लावायला सांगतात. अडचण इथेच सुरू होते. पुरुषाचा काळी एकचा षड्ज, म्हणजे 'सा', साधारण १३९ हर्ट्झचा. मुलीला तो फार खोल पडतो, म्हणून ती सप्तकभर वर, २७७ वर चढते. बहुतेक मुलींची स्वाभाविक पट्टी काळी चारच्या आसपास, म्हणजे २०८ हर्ट्झ. एवढं वर चढल्यावर तिचा तार, म्हणजे वरच्या सप्तकातला, गंधार किंचाळतो आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, खोल स्वरांचा रियाज होतच नाही. मग "हिचा गळा तयार होत नाही" असं सगळे म्हणतात. दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो.

जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत घरांतल्या. जयपूर-अत्रौली गायकी आपल्याकडे रुजली ती अशी, धर्म आणि जात ओलांडून. आजही क्लासचं दार सगळ्यांना उघडं हवंच. पण आत आलेल्याला स्वतःचा षड्ज मिळाला नाही, तर तो फार दिवस टिकत नाही.

पट्टी ठरवताना आधी विद्यार्थ्याला मंद्र पंचमापर्यंत उतरायला सांगा, मग तार मध्यमापर्यंत चढू द्या. दोन्ही टोकांना आवाज न चिरता, न दबता लागेल ती पट्टी त्याची. 'बाई म्हणजे काळी चार' हेही गृहीत धरू नका. गायिका गंगूबाई हनगल यांचा धीरगंभीर, मर्दानी आवाज आठवा. मुलग्यांचा आवाज फुटतो त्या दिवसांत पट्टी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. तेव्हा मध्य सप्तकातच, हलक्या आवाजात गाऊ द्यावं. तानपुऱ्याचंही तसंच. पुरुषी तानपुरा बायकी पट्टीत चढवला तर तारा तुटतात. बायकी तानपुरा उतरवला तर तारा ढिल्या पडतात आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, बोलत नाही.

मग एकत्र गायचं कसं? पंडित जसराज यांच्या नावानं ओळखली जाणारी जसरंगी जुगलबंदी इथे उपयोगी पडते. तिच्यात गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग एकत्र गातात. तिच्या मुळाशी मूर्च्छना आहे, म्हणजे त्याच स्वरांतला दुसरा स्वर षड्ज मानला की दुसरा राग मिळतो. मुलाचा षड्ज काळी एक आणि राग आभोगी: सा, रे, कोमल ग, म, ध. त्याचा मध्यम येतो काळी तीनवर. मुलीनं तिथे आपला षड्ज मानायचा. आता तेच पाच स्वर तिच्या बाजूनं मोजा: सा, ग, प, ध, कोमल नी. हा झाला कलावती!

तानपुरे जुळवताना तर फार आनंद होतो. आभोगीत पंचम नाही, म्हणून मुलाची पहिली तार मध्यमावर आणि बाकीच्या षड्जावर. मुलीच्या तानपुऱ्याची पहिली तार पंचमावर. तिचा पंचम म्हणजे त्याचा षड्ज, आणि त्याचा मध्यम म्हणजे तिचा षड्ज. दोन्ही तानपुऱ्यांत तेच दोन स्वर घुमतात. त्यामुळे काळी एकला लावलेला एकच तबला दोघांनाही चालतो.

चुकतं ते मुलाच्या मध्यमावर. मुलगी आपल्या षड्जावर लांब ठेहराव घेते, तोच स्वर मुलाच्या कानात भरतो आणि त्याचा आभोगी हळूहळू कलावतीकडे झुकतो. उपाय असा: पहिले काही आठवडे दोघांनी वेगवेगळं बसून राग पक्का करावा. एकत्र आल्यावर मुलानं दर दोन-तीन आलापांनंतर 'ग म रे सा' घेऊन आपल्या षड्जावर यावं. दोघांच्या बंदिशी वेगळ्या, पण ताल एक, मध्य लयीचा तीनताल, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकाच ठिकाणी. ताना सगळ्यांत शेवटी घ्याव्यात, कारण लय चढली की आपला 'सा' कोणता हेच आधी विसरतं.

तबल्यावर एखादी मुलगी असेल तर तिला फक्त ठेका धरायला लावू नका. दोन गायकांच्या मध्ये चार आवर्तनं तिची ठेवा, आणि त्या वेळात गायकांनी हातावर टाळी-खाली धरून बसावं.