बकरी फुकटात काय काय करते

मित्रहो, दारातच एका गृहस्थांनी मला गाठलं. "सर, ते प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेलं मांस चाखायला आणलंय का थोडं?" नाही आणलं. आपल्याकडे ते अजून विकत मिळत नाही. आणि सावजीवर पोसलेल्या नागपूरकरांपुढे ठेवायची माझी हिंमतही नाही.

जगाने ते पहिल्यांदा चाखलं ५ ऑगस्ट २०१३ ला, लंडनमध्ये. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी गायीच्या पेशींपासून एक टिक्की केली होती. खर्च अडीच लाख युरो. रंग यावा म्हणून बिटाचा रस आणि केशर घातलेलं. खाणारे म्हणाले, मांसासारखं आहे, पण कोरडं लागतं. लागणारच, त्यात नुसता स्नायू होता, चरबीचा कणही नव्हता.

करतात कसं? जनावर न मारता त्याच्या स्नायूचा लहानसा तुकडा सुईने काढायचा. जखम झाली की स्नायू दुरुस्त करणाऱ्या काही पेशी त्यात असतात. त्या वेगळ्या करून पोषक द्रवात सोडायच्या. द्रवात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि 'वाढा' असा निरोप देणारी प्रथिनं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. पुरेशा झाल्या की निरोप थांबवायचा. मग त्या एकमेकींना जोडून घेतात आणि स्नायूचे धागे होतात. ऐकायला सोपं आहे.

मी जनावरांच्या डॉक्टरकीत आयुष्य काढलं, म्हणून मला यात आधी बकरी दिसते. बाभळीच्या शेंगा, धुऱ्यावरचं गवत, कुणालाच नको असलेला पाला ती खाते आणि त्याची अमिनो आम्लं करते. कारखान्यात तीच अमिनो आम्लं शुद्ध स्वरूपात विकत आणावी लागतात. हे तिचं पहिलं काम. दुसरं, राखण. पेशींच्या टाकीला रोगप्रतिकारशक्ती नसते. ऐन तारुण्यात एका प्रयोगशाळेत, नाव नको, मी पेशी वाढवत होतो. द्रव छान गुलाबी. सकाळी बघतो तर पिवळा आणि गढूळ. रात्रीतून जिवाणू शिरले, त्यांनी साखर खाऊन आम्ल केलं. तीन आठवड्यांची मेहनत बेसिनमध्ये. छोट्या बाटलीचं मला एवढं वाटलं, तर हजारो लिटरची टाकी नासली तर मालकाचं काय होईल?

तिसरं काम ऊब. गायीच्या पेशींना ३७-३८ अंश लागतात. तुम्ही म्हणाल, नागपुरात फुकट आहे की! तिथेच तर घोळ. त्याच प्रयोगशाळेत मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला, आणि खोली ४० च्या वर. वीज आली, पण उबवणाऱ्या पेटीला तापवता येतं, गार करता येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेशी मेल्या. बकरी मात्र बाहेर उन्हात, कडुलिबाखाली धापा टाकत रवंथ करत होती.

आणि चौथं राहिलंच, रक्तवाहिन्या. टाकीतल्या मांसात त्या नसतात. द्रवापासून पाव मिलिमीटर आत गेलं की पेशी उपाशी मरते. म्हणून खिमा जमतो, चांप अवघड. नळीचं तर नावच नको.

सीरमचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचं, मात्र सांगायलाच हवं. ती 'वाढा' म्हणणारी प्रथिनं बरीच वर्षं येत होती वासराच्या रक्तातून. गाभण गाय कत्तलखान्यात कापली की तिच्या पोटातल्या वासराचं रक्त. जीव वाचवायला निघालेल्यांची ही गोची! डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने जगात पहिल्यांदा असं चिकन विकायला परवानगी दिली, तेही सीरम वापरूनच केलेलं होतं. सीरमविना वाढवायला तिथे मान्यता मिळाली २०२३ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेने दोन कंपन्यांना परवानगी दिली. त्यातल्या एकीचे संस्थापक उमा वलेटी आंध्रातल्या विजयवाड्याचे, हृदयरोगतज्ज्ञ. आणि इटलीने त्याच वर्षी बंदी घातली. राजकारण तुम्ही जाणताच.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. गायीच्या ढेकरांतला, पृथ्वी तापवणारा मिथेन वायू हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. टाकी गरम-गार ठेवायची वीज कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कोळशातून आली, तर त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. वीज कुठली, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

मग हे सगळं फोल? मला तसं वाटत नाही. फक्त याची स्पर्धा बकरीशी नाही, ब्रॉयलरशी आहे. ती कोंबडी शेडमध्ये मका आणि सोयाबीन खाऊन सहा आठवड्यांत दोन किलोची होते. तिच्याकडून पाला पचवून घेण्याचा प्रश्नच नाही. त्याच मक्याची साखर आणि सोयाबीनची अमिनो आम्लं थेट टाकीत घातली, तर पिसं, हाडं, आतडी वाढवण्याचा खर्च वाचतो. आपल्या बेरारी बकरीचं तसं नाही. पेरणीला बियाणं घ्यायचंय, पोरीची फी भरायचीय, तर बाजारच्या दिवशी एक बोकड विकला जातो. टाकी कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात बांधता येत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: "माळकऱ्याला हे चालेल का?" बाबा, पेशी बकरीच्या असतील तर मांस बकरीचंच. जीव गेला नाही, इतकंच मी डॉक्टर म्हणून सांगू शकतो. माळेचं तुमच्या महाराजांना विचारा.